सिरॅमिक कोटिंग : नवा धंदा जरूर धरा, पण दावे तपासून

घरबांधणीच्या आणि रंगरंगोटीच्या बाजारात गेल्या काही वर्षांपासून ‘सिरॅमिक कोटिंग’ हा शब्द वारंवार कानावर पडत आहे. सुरुवातीला हा माल मोटारगाड्यांना पॉलिश करणाऱ्यांकडे होता. आता तो स्वयंपाकघरातील ओटा, न्हाणीघरातील काच, नळ, सिंक आणि फरशी यांच्यापर्यंत पोहोचला आहे. एक छोटी बाटली, आत पाण्यासारखा पातळ द्रव आणि बाटलीवर मोठ्या अक्षरांत ‘९ एच’, ‘नॅनो’, ‘वर्षानुवर्षे चमक’ असे शब्द. जाहिरातीत कोटिंग केलेल्या ओट्यावर पाणी ओततात, ते पाऱ्यासारखे गोळे होऊन घरंगळून जाते आणि पाहणारा थक्क होतो.

फरशीचे पॉलिश, लादी बसविणे, रंगकाम, काच व अॅल्युमिनियमचे काम, नळकाम या धंद्यांत आपले पुष्कळ कारागीर बांधव आहेत. हार्डवेअरची आणि रंगाची दुकानेही अनेकांची आहेत. गिऱ्हाईक त्यांना विचारू लागले आहे, “हे कोटिंग तुम्ही करता काय?” विक्रेते दुकानात येऊन माल ठेवण्याचा आग्रह करीत आहेत. अशा वेळी दोन्ही बाजूंनी नुकसान संभवते. नवे आहे म्हणून हात झटकले तर चालून आलेली मजुरी दुसऱ्याकडे जाते. आणि विक्रेत्याचे बोल जसेच्या तसे गिऱ्हाइकाला ऐकविले तर सहा महिन्यांनी तेच गिऱ्हाईक तक्रार घेऊन दारात उभे राहते. तेव्हा हा माल आहे तरी काय, तो काय करतो आणि काय करीत नाही, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

भट्टीतला थर आणि बाटलीतला थर

‘सिरॅमिक’ हा शब्द ग्रीक ‘केरामोस’वरून आला. त्याचा अर्थ कुंभाराची माती. मातीच्या वस्तूवर काचेचा थर चढवून तो भट्टीत पक्का करण्याचे हुनर फार जुने आहे. बीदर येथे बहमनी वजीर महमूद गावान यांनी १४७२ मध्ये बांधलेल्या मदरशाच्या दर्शनी भिंतीवर आणि मिनारावर काशीकामाच्या रंगीत फरशा बसविल्या होत्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग पडला. पुष्कळ फरशा नाहीशा झाल्या. पण ज्या शिल्लक आहेत त्यांचा निळा, पिवळा, पांढरा रंग पाचशेहून अधिक पावसाळे झेलून आजही ओळखू येतो. हा भट्टीचा थर.

घरातील उदाहरण हवे असेल तर तामचिनीचे भांडे पाहावे. लोखंडी पत्र्यावर काचेची पूड लावून ती साधारण ८०० अंश सेल्सिअसला भाजली की वितळून पत्र्याला घट्ट धरते. बेसिन, कमोड, भिंतीच्या चकचकीत टाइल्स यांच्यावरील थरही भट्टीतूनच येतो. गुजरातेतील मोरबीचे मोठे कारखाने टाइल्स भाजतात ते हजार अंशांच्याही वर.

बाटलीतील कोटिंग मात्र भट्टीत जात नाही. त्या द्रवात सिलोक्झेन, पॉलिसिलाझेन अशी सिलिका घडविणारी रसायने असतात. ती पातळ ठेवण्यासाठी द्रावक मिसळलेला असतो. कपड्याने पसरले की द्रावक उडून जातो, उरलेल्या रसायनाची हवेतील दमटपणाशी क्रिया होते आणि काचेच्या जातीचा कठीण पापुद्रा तयार होतो. सिलिका म्हणजे वाळूचा आणि काचेचा मुख्य घटक. म्हणून ‘सिरॅमिक’ हे नाव अगदीच खोटे नाही. परंतु भट्टीतला थर आणि हा पापुद्रा यांच्या जाडीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हा फरक हिशेबाने पाहू. समजा, ओटा १० फूट लांब आणि २ फूट रुंद आहे. क्षेत्रफळ २० चौरस फूट, म्हणजे सुमारे १.८६ चौरस मीटर. त्यावर सुकल्यानंतर १ मायक्रॉन जाडीचा थर राहिला, तर त्यातील घट्ट माल भरतो १.८६ मिलिलिटर. म्हणजे चहाचा अर्धा चमचाही नाही. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. तामचिनीचा थर साधारणपणे १०० मायक्रॉनच्या वर जातो. आता जो थर केसाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या हिश्श्याचा आहे, त्याच्याकडून आपण किती अपेक्षा करावी, हे प्रत्येकाने स्वतःच ठरवावे.

‘९ एच’ची खरी गोष्ट

या धंद्यात सर्वांत जास्त गैरसमज ‘९ एच’ या दोन अक्षरांनी पसरविला आहे. विक्रेता सांगतो, “हिरा दहा, आणि आपले कोटिंग नऊ.” ऐकणाऱ्याला वाटते, हिऱ्याच्या खालोखाल कठीण वस्तू आपल्या ओट्यावर बसणार. प्रत्यक्षात ही दोन वेगवेगळी मापे आहेत.

हिऱ्याला दहा आकडा देणारे माप खनिजांचे आहे. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोहस यांनी ते १८१२ मध्ये ठरविले. कोणता दगड कोणत्या दगडावर ओरखडा काढतो, हे त्यात पाहतात. त्या मापात संगमरवर ३ च्या आसपास, खिडकीची काच आणि पोलादी सुरी साडेपाचच्या आसपास, वाळूतील गारेचा कण ७ आणि हिरा १० असतो.

‘९ एच’ हे माप मात्र पेन्सिलीचे आहे. चित्रकलेच्या पेन्सिली असतात तशा ‘९ बी’ या सर्वांत मऊ शिशापासून ‘९ एच’ या सर्वांत कडक शिशापर्यंत ओळीने घेतात. रंग किंवा वार्निश लावलेल्या पत्र्यावर ठराविक वजन देऊन ती पेन्सिल ४५ अंशांत ढकलतात. ज्या पेन्सिलीने थरावर खूण उठत नाही, तो त्याचा दर्जा. रंगाच्या कारखान्यात ही परीक्षा उपयोगी आहे आणि रंगाच्या मानाने ‘९ एच’ हा दर्जा चांगलाच आहे. पण शिसे म्हणजे ग्रॅफाइट आणि चिकणमाती. त्याने ओरखडा पडला नाही, म्हणून वाळूच्या कणाने पडणार नाही असे होत नाही. ग्रॅनाइटमध्ये स्वतःच ६ आणि ७ दर्जाची खनिजे असतात. कोटिंगने ग्रॅनाइट अधिक कठीण होतो, हे म्हणणेच उलटे आहे.

म्हणून ‘ओरखडा पडणार नाही’ हे वाक्य कोणत्याही कारागिराने गिऱ्हाइकाला बोलू नये. भाजी कापायची तर पाटावर कापावी आणि भांडे ओढू नये, उचलून ठेवावे, हेच सांगावे.

कापडाचा अनुभव येथे उपयोगी पडतो

माझा धंदा कापडाचा आहे. कापडात ‘फिनिश’ ही गोष्ट आम्ही रोज हाताळतो. मालेगाव, भिवंडी किंवा इचलकरंजीच्या मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाला खळ असते, ती धुण्यात निघून जाते. छत्रीच्या कापडाला पाणी झटकणारा फिनिश दिलेला असतो. त्यावर थेंब घरंगळतो, पण कापड दाबून घासले की पाणी आत उतरते, आणि वापराने, साबणाने तो गुण कमी होत जातो. याला आम्ही ‘वॉटरप्रूफ’ म्हणत नाही. जो दुकानदार असे सांगून विकतो, त्याच्याकडे पहिल्या पावसानंतर गिऱ्हाईक परत येत नाही.

ओट्यावरील कोटिंग याच जातीचे आहे. ते दगडाचा फिनिश आहे, दगड नव्हे. त्याचा खरा उपयोग एवढाच की सांडलेले तेल, चहा, हळद लगेच आत मुरत नाही आणि पुसणाऱ्याला वेळ मिळतो. काचेवर आणि नळावर पाण्याचे थेंब टिकत नाहीत, त्यामुळे बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे क्षार कमी बसतात आणि बसले तरी लवकर निघतात. रोजची घासाघीस कमी होते, हा काही लहान फायदा नाही. घरातील बाईमाणसाचे कष्ट वाचतात. पण हा फायदा जेवढा आहे तेवढाच सांगून विकला पाहिजे.

पाण्याचे गोळे घरंगळण्याच्या देखाव्यावरही फार विसंबून राहू नये. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही म्हणून ते पान कठीण होत नाही. ओट्यावर साधे मेण घासले तरी काही दिवस पाणी असेच गोळा होते. हा देखावा पृष्ठभाग पाण्याला धरत नाही एवढेच दाखवितो. तो किती टिकेल, लिंबाला दाद देईल की नाही, हे त्यातून कळत नाही.

डाग वेगळा, चट्टा वेगळा

कारागिराने ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी, कारण अर्धी भांडणे येथूनच सुरू होतात. डाग म्हणजे रंग किंवा तेल दगडाच्या छिद्रांत शिरणे. चट्टा म्हणजे दगडच खाल्ला जाणे.

संगमरवर, कडाप्पा, कोटा आणि शहाबादी हे सारे चुन्याच्या जातीचे दगड आहेत. त्यांच्यातील मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट. लिंबू, चिंच, आमसूल, व्हिनेगर यांतील आम्ल त्यावर पडले की ते दगडाला खाते, चकाकी जाते आणि फिकट चट्टा उमटतो. तो पुसून निघत नाही, पुन्हा पॉलिशच करावे लागते. पातळ कोटिंगमुळे हे थोडे लांबू शकते. पण रात्रभर लिंबाची फोड पडून राहिली किंवा थराला कोठे बारीक ओरखडा असला, तर आम्ल आत पोहोचतेच. ग्रॅनाइटला लिंबाची अशी भीती नाही, मात्र फिकट रंगाच्या ग्रॅनाइटमध्ये तेल मुरू शकते.

हळदीविषयीही दोन शब्द. हळदीतील रंग साबण किंवा सोडा लागला की लाल होतो, हे कापडवाल्यांना माहीत आहे. ऊन लागले की तो फिका पडतो, हेही माहीत आहे. स्वयंपाकघरात ऊन कोठून येणार? म्हणून ओट्यावरील हळद ताबडतोब पुसणे हाच खरा उपाय. कोटिंग त्याला मदत करते, त्याची जागा घेत नाही.

कोठे लावावे, कोठे लावू नये

न्हाणीघरातील काचेचे पार्टिशन आणि स्टीलचे नळ ही या कोटिंगची सर्वांत योग्य जागा. तेथे जड पाण्याचा त्रास खरा असतो आणि वर भांड्यांची घासाघीस नसते.

फिकट ग्रॅनाइटच्या ओट्यासाठी आधी पाण्याची परीक्षा करावी. स्वच्छ, कोरड्या दगडावर पाण्याचे काही थेंब टाकून पंधरा मिनिटे थांबावे. पुसल्यावर दगड काळसर दिसला तर तो पाणी पितो. अशा दगडाला आधी पोटात मुरणारा सीलर द्यावा. कित्येक ठिकाणी तेवढ्यानेच काम भागते आणि महाग बाटलीची गरज पडत नाही. थेंबाची खूणच उमटली नाही, असा घट्ट काळा ग्रॅनाइट असेल तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे की येथे खर्च करण्यात फारसा अर्थ नाही.

भिंतीच्या चकचकीत टाइल्स, बेसिन आणि कमोड यांच्यावर भट्टीचा काचेचा थर आधीच आहे. तेथे मळतात ते सांधे. सिमेंटचे सांधे पाणी आणि तेल पितात, त्यांना सीलर द्यावा. इपॉक्सीचे सांधे असतील तर त्याचीही गरज नाही.

फरशीवर, विशेषतः न्हाणीघरात आणि वजूच्या जागी, हे कोटिंग निसरडेपणा तपासल्याशिवाय लावू नये. म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरला तर चमक काय कामाची?

तवा, कढई, पातेले यांना ओट्याची किंवा गाडीची बाटली कधीही लावू नये. बाजारात ‘सिरॅमिक नॉनस्टिक’ भांडी मिळतात, पण त्यांचा थर कारखान्यात फवारून, तापवून पक्का केलेला असतो. तो माल वेगळा, त्याची तपासणी वेगळी. ज्या ओट्यावर थेट कणीक मळली जाते, तेथेही सुकल्यानंतर अन्नाशी संपर्क चालतो असे उत्पादकाने लेखी दिले असेल तरच बाटली उघडावी.

तापलेले भांडे थेट ओट्यावर ठेवू नये, हा नियम कोटिंगनंतरही तसाच राहतो.

काम कसे करावे

या कामात माल थोडा आणि मेहनत सफाईची असते. दगडावर जुने मेण, तेल किंवा पॉलिशच्या वेळी वापरलेल्या ऑक्झॅलिक आम्लाचा अंश राहिला असेल तर थर धरत नाही. दगड धुऊन, पूर्ण कोरडा करून मगच हात लावावा. पॉलिश झालेल्या दिवशीच कोटिंग करण्याची घाई करू नये. दगडाच्या पोटात पाणी असते आणि ते आत अडकले की पांढुरकी छटा येते.

एका वेळी दोन-तीन चौरस फुटांचा भाग घ्यावा. आडवा आणि उभा हात फिरवून द्रव पसरावा आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळात कोरड्या मायक्रोफायबर कपड्याने जादा माल पुसून काढावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, हवा दमट असल्याने माल लवकर धरू लागतो आणि पुसायला कमी वेळ मिळतो. राहून गेलेला जादा माल कडक झाला की घासूनच काढावा लागतो. काचेवर तर फार जपावे.

खिडक्या उघड्या ठेवाव्यात, हातमोजे घालावेत. अनेक द्रावक पेट घेणारे असतात, म्हणून गॅसची शेगडी बंद आणि सिलिंडरचा कॉक बंद. पॉलिसिलाझेनच्या मालातून अमोनियाचा उग्र वास सुटतो, लहान मुलांना त्या दिवशी दूर ठेवावे. पहिला दिवसभर पाणी लागू देऊ नये, आणि थर पूर्ण पक्का होईपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर किंवा बाटलीवर दिले असेल तितके दिवस, साबण आणि घासणी बंद ठेवावी.

सर्वांत उत्तम सवय म्हणजे नमुना करणे. सिंकसाठी दगड कापताना मधला तुकडा निघतो, तो फेकू नये. त्याच्या अर्ध्या भागावर कोटिंग करावे, अर्धा कोरा ठेवावा. पक्का झाल्यावर दोन्ही भागांवर हळद-तेल, चहा आणि लिंबाचा रस ठेवावा, काही दहा मिनिटे, काही तासभर, काही रात्रभर. मग तो तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि म्हणावे, “साहेब, तुमच्याच दगडावर असे होते, पाहून ठरवा.” कापडवाला रंगाची हमी देण्यापूर्वी चिंधी धुऊन पाहतो, तशीच ही रीत आहे. हजार जाहिरातींपेक्षा हा एक तुकडा जास्त बोलतो.

बाटली, बिल आणि कायदा

दुकानदारांनी बाटली घेताना तिच्यावरील मजकूर आधी वाचावा. २०११ च्या पॅकबंद मालाच्या नियमांनुसार उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, मालाचे माप, महिना-वर्ष आणि सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असणे जरूर आहे. परदेशी मालावर देशाचे नावही हवे. नुसते ‘जर्मन टेक्नॉलॉजी’ लिहिलेली, पण आणणाऱ्याचा पत्ता नसलेली बाटली कितीही स्वस्त मिळाली तरी दुकानात ठेवू नये.

याचे कारण केवळ छाप्याची भीती नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० पासून लागू झाला. त्याच्या कलम ८६ मध्ये विक्रेत्याची जबाबदारी स्पष्ट केली आहे. उत्पादकाच्या हमीपेक्षा वेगळी हमी विक्रेत्याने स्वतःहून दिली, माल तसा निघाला नाही आणि त्यामुळे नुकसान झाले, तर विक्रेता जबाबदार धरला जाऊ शकतो. मालाचा उत्पादक कोण हेच कळत नसेल, तरीही बोट विक्रेत्याकडे येते. म्हणजे विक्रेत्याने दुकानात बसून सांगितलेली ‘दहा वर्षे’ आपण बिलावर लिहिली की ती आपली झाली.

बिलावर पुढील गोष्टी जरूर लिहाव्यात : दगडाचा किंवा काचेचा प्रकार, मालाचे नाव व बॅच क्रमांक, किती थर दिले, कामाची तारीख आणि उत्पादकाची हमी असेल तर ती त्याच्याच शब्दांत. त्याखाली साध्या मराठीत दोन ओळी : ‘ओरखडा, आम्लाचा चट्टा आणि तापलेल्या भांड्याची खूण यांची हमी नाही. सांडलेले लगेच पुसावे.’ गिऱ्हाइकाची सही घ्यावी आणि एक प्रत त्याला द्यावी.

काही बांधवांना वाटेल, इतके खरे सांगितले तर गिऱ्हाईक पळून जाईल. काही पळतीलही. पण जो राहतो तो वर्षाने पुन्हा बोलावतो. हा थर झिजतो, ही उणीव आहे खरी, पण प्रामाणिक कारागिरासाठी तीच पुढच्या मजुरीची वाटही आहे. वर्षातून एकदा येऊन सफाई करणे, थेंबाची परीक्षा घेणे, सांधे पाहणे आणि गरज असेल तेवढ्याच भागावर नवा हात देणे, असा देखभालीचा दर आधीच ठरवून घेता येतो. पन्नास घरे अशी जोडली गेली तर तो बारमाही धंदा होतो. उलट ‘दहा वर्षे काही बघायला नको’ असे सांगून जो पैसे घेतो, त्याने आपल्याच हाताने पुढच्या वर्षीचे काम बंद केलेले असते.

तेव्हा बांधवांनो, नवे हुनर जरूर शिकावे. ज्याच्या हाताला दगडाचे पॉलिश येते, त्याला हे काम आठ दिवसांत जमेल. मशीन फार लागत नाही, भांडवल थोडे लागते आणि शहरांतून मागणी आहे. फक्त बाटलीवर छापलेले शब्द आपल्या तोंडी घेऊ नयेत. कापड असो की दगड, वरचा फिनिश आज ना उद्या उतरतो. त्यानंतर गिऱ्हाइकाला आठवते ते आपण विकताना काय बोललो होतो.